कच्च्या सुताचं माप

कार्तिक वद्य सप्तमी. जेवण उरकून दवाखान्याच्या मागच्या पडवीत बसले आहे. पुढ्यात करवत आणि कुबड्यांचा जोड. सोमवारी खानापूरकडचा एक माणूस पाय बांधून यायचा आहे. तो बुटका, आणि आमचा सुतार गावाला गेलाय, म्हणून कुबड्या मीच कापायला घेतल्या. आधी कुबड्यांच्या डोक्यावरच्या चिंध्या सोडवायला लागले. लाल काठाच्या लुगड्याच्या चिंध्या, शिवाप्पा विणकराच्या मागावरच्या. दोन वर्षांपूर्वी मीच गुंडाळल्या होत्या. एक पदर सुटला आणि हात थांबला.

आक्का, या कुबड्या तू एका नजरेत ओळखल्या असत्यास. ओळखून काय बोलली असतीस तेही मला ठाऊक आहे.

काल तुझं बारावं झालं. मी आले होते. तुझ्या घरी पान वाढलं होतं, चार घास खाल्ले. तुझ्या सुनेला, रखमाला, रडायलाही सवड नव्हती इतकी कामं होती, तेव्हा मी भांडी घासू लागले. तुझ्याबद्दल कोणी काही फारसं बोललं नाही. एक म्हातारी म्हणाली, "हात चांगला हुता गंगाक्काचा, पर त्या शिवाप्पाच्या टायमाला काय झालं कोन जाणे." मी ताटली घासत होते. घासत राहिले.

तू तीन दिवसांच्या तापात गेलीस तेव्हा मी निपाणीला होते. भाऊबीजेला गेले, चार दिवसांचे आठ झाले. येताना तुझ्यासाठी तपकिरीची डबी आणली. मोटारीतून उतरले तर दवाखान्याच्या पायरीवर रखमा बसलेली. ती डबी अजून पिशवीत आहे. मी तपकीर ओढत नाही, आणि तुझ्यासारखी शिंकून सगळी गल्ली जागी करायची माझी तयारीही नाही.

तुझी माझी ओळख शिवाप्पामुळे झाली, आणि भांडणही त्याच्यावरूनच सुरू झालं. कौलं फिरवताना तो पडला आणि उजवी मांडी मोडली. डॉक्टरसाहेबांनी पाय फळीला बांधला, हाड जुळेपर्यंत हलायचं नाही असं सांगितलं, आणि नर्स म्हणून रोज घरी जाऊन बघायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच दिवशी गेले तर तू त्याच्या उशाशी एरंडेल घेऊन बसलेली.

"कोण तुम्ही?" मी विचारलं.

"मी गंगाक्का. ह्या गल्लीत मोडल्यालं माणूस मी बघते."

"याला हलवायचं नाही."

"हाड हलवायचं न्हाय. माणूस हलवायचा. पडून ऱ्हायला तर पाठ कुजंल त्याची. बाई, तुमी पाठ बघितलीसा का?"

मी बघितली नव्हती. बघितली तर माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग. त्या दिवसापासून मी कुठल्याही रोग्याची आधी पाठ बघते आणि मग ताप. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू डोक्यावर बसली असतीस.

तूही काही सगळं बरोबर करत नव्हतीस. फळी काढायच्या आधीच गुडघा वाकवायला निघाली होतीस, ते मी हात धरून थांबवलं. "चार आठवडे थांब, आक्का." "चार आठवड्यात गुडघा लाकूड हुईल." "लाकूड झालेला गुडघा सुटतो, निसटलेलं हाड परत बसत नाही." तू माझ्याकडे बघितलंस आणि पहिल्यांदा 'तुमी' सोडून म्हणालीस, "लई शानी हाईस." थांबलीस मात्र. नंतर गुडघा खरंच लाकूड झाला आणि तो सोडवायला तुझे दोन महिने गेले. कोण बरोबर होतं, हा वाद आपला संपला नाही. मला अजून वाटतं मी बरोबर होते.

फळी सुटल्यावर शिवाप्पाला उभं करायचं होतं. लढाईचे दिवस, बाहेरून काही मिळत नव्हतं. कुबड्या इथल्या सुताराकडूनच करून घ्यायच्या होत्या. मी त्याच्या घरी गेले, तो मागाशेजारी चटईवर पडला होता. माप घ्यायला दोरी नव्हती. मागाजवळ सुताची लड पडलेली, त्यातला एक धागा घेतला, काखेखाली चार बोटं सोडून टाचेपर्यंत लावला, तोडला आणि सुताराला दिला. सुतारानं तो फळीवर ओढून धरला आणि लाकूड कापलं. कुबड्या आल्या. काखेला टोचू नयेत म्हणून मी वर चिंध्या गुंडाळल्या, भरपूर. शिवाप्पाला एकदा सांगितलं, "भार हातावर घ्यायचा, काखेवर नाही." एकदाच. तो हो म्हणाला. मला दुसरीकडे जायचं होतं.

पंधरा दिवसांनी त्याचा उजवा हात मनगटातून लोंबायला लागला. मागावरचा धोटा धरता येईना. विणकराचा उजवा हात. त्याची आई बाळव्वा दाराशी बसून कपाळ बडवत होती. थोरला भाऊ मल्लाप्पा त्याला बैलगाडीत घालून दवाखान्यात घेऊन आला. डॉक्टरसाहेबांनी हात तपासला आणि मला विचारलं, "बाहेर कोणी चोळतं का याला?"

मी म्हणाले, "हो. याच्या गल्लीतली, खासबागेतली एक बाई रोज चोळते."

एवढंच. यात खोटं काही नव्हतं. तू रोज चोळत होतीस, आदल्या संध्याकाळी खांदाही चोळला होतास. मला जेवढं सोयीचं होतं तेवढं खरं मी सांगितलं. मल्लाप्पा शेजारी उभा होता. त्याचा जबडा घट्ट झाला तेवढा मी पाहिला.

त्याच संध्याकाळी तू त्याच्या घरी गेलीस, तर मल्लाप्पानं तुला दारातच थांबवलं. "तुझ्यामुळं माझ्या भावाचा हात गेला. ह्या उंबऱ्यावर पाय ठेवू नको." सगळी गल्ली बघत होती. तू परत फिरलीस ती माझ्याकडे आलीस. ओरडत येशील असं वाटलं होतं. तू आलीस, पाणी मागितलंस, प्यालीस आणि म्हणालीस, "काल खांदा चोळताना त्याच्या काखंत बघितलं मी. काळं पडलंय. कुबडी आणि काखेत चार बोटं जायला पायजेत का न्हाय?"

"जायला पाहिजेत."

"एक बी जात न्हाय. माप कशानं घेतलंस?"

मी सांगितलं. तू कपाळाला हात लावलास. "विणकराच्या घरात बसून कच्च्या सुतानं माप घेतलंस? अगं, खळ दिली न्हाई तर सूत ओढलं की वाढतंय. शेंबडं पोर सांगंल तुला. दोन बोटं सुतानं वाढली आन् दोन तुझ्या चिंध्यांनी."

तू उठलीस. मी म्हणाले, "मी सांगते मल्लाप्पाला."

"सांग."

"तू का नाही सांगितलंस आता?"

"तुझं तू सांग. तुझ्या तोंडचं मी कशाला बोलू?"

आक्का, हे वाक्य दोन वर्षं माझ्या कानात आहे. तू मला माफ केलंस म्हणून गप्प राहिलीस असं मी मानत नाही. तू माफ करणारी नव्हतीस, शेजारणीनं न विचारता नेलेली पाटी तू वर्षानं तिच्या तोंडावर काढायचीस. तू वाट बघत होतीस. मी सांगते म्हणाले होते, म्हणून तू थांबलीस.

मी दुसऱ्या दिवशी जाणार होते. दुसऱ्या दिवशी वाटलं, आधी हात बरा होऊ दे. कुबडीनं दबलेला हात बहुतेक परत येतो हे मला माहीत होतं. बरा झाला की सांगू, म्हणजे कोणाला फार लागणार नाही. असं मी स्वतःला समजावलं.

आणि हात बरा केला कुणी? त्या घरात तुला बंदी. तेव्हा तू गल्लीच्या तोंडाशी देवळाच्या कट्ट्यावर बसायचीस, मी आत जायची. जायच्या आधी तुझ्यापाशी थांबायची.

"आदी मनगट वर बांध. कामटी घे, फडकं गुंडाळ. मनगट लोंबत ऱ्हायलं तर बोटं विसरून जातील."

"मग?"

"मग रहाटावर सुताच्या कांड्या भरायला बसव."

"कांड्या? ते बायकांचं काम. तो बसेल?"

"बसंल. सांग त्याला, गंगाक्का म्हनली, धोटा धरायचा आसंल तर आदी बायको व्हायला लागतंय."

मी तुझं नाव न घेता सांगितलं. शिवाप्पा लाल झाला, पण बसला. रहाटाचा दांडा त्याच्या मुठीत दिला, मूठ वळेना तेव्हा फडक्यानं बांधली. बाहेर येऊन तुला सांगितलं. तू विचारलंस, "किती भरल्या?" "सहा." "दहा करू दे. अकरावी मागंल, देऊ नको. उद्यासाठी भूक ऱ्हाऊ दे." त्यानं चौथ्या दिवशी अकरावी मागितली. तुला कसं कळलं होतं कोण जाणे.

मग पाय. मी त्याला खोलीत चालवायच्या विचारात होते. तू म्हणालीस, खड्ड्यात सोड. मागाच्या खड्ड्याच्या काठावर बसला की पाय आपोआप खाली लोंबतो, गुडघा आपल्या वजनानं वाकतो, ओढायला लागत नाही. खाली पायानं दाबायची पावडी आहेच. "कापड विणू नको म्हनावं. नुसती पावडी दाब. उजवीला जरा ढिली दोरी बांध." मी रोज आत जाऊन करायची आणि रोज बाहेर येऊन सांगायची. तू कट्ट्यावरून कधी उठून घराकडे बघितलंही नाहीस. गल्लीतले लोक समजायचे, गंगाक्का देवळात बसते, म्हातारी झाली.

तीन महिन्यांनी शिवाप्पानं धोटा फेकला. पहिली खेप अर्ध्यात अडकली, दुसरी गेली. बाळव्वानं माझ्यावरून मीठ-मिरच्या ओवाळल्या. मल्लाप्पा दवाखान्यात नारळ घेऊन आला. हात गेला तुझ्यामुळं आणि आला माझ्यामुळं, असं खासबागेत पक्कं झालं. मी नारळ घेतला. तुला अर्धा आणून दिला. तू खोबरं खाल्लंस. "सांगितलंस का?" असं तू एकदाही विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर बरं झालं असतं.

त्यानंतर तुला कमी बोलावणी यायला लागली. लचकलेला पाय, अवघडलेली मान, एवढ्यावर आलं. मोडलेलं माणूस तुझ्याकडे कोणी दाखवेना. तू रखमाला शिकवत राहिलीस, घरातल्या घरात, तुझ्या स्वतःच्या अंगावर. "पकड मला. उचल. दंडाला धरून न्हाय गं, खांदा उपटशील! पाठीच्या फऱ्याखाली हात घाल." मी एकदा दारात उभी राहून बघत होते. अशी शिकवणारी मला शिकताना मिळाली नाही.

मी का सांगितलं नाही, ते लिहून टाकते. बायका आता बाळंतपणाला दवाखान्यात यायला लागल्या आहेत, त्या मला बघून येतात. बाईनं माप चुकवलं आणि दुसरीवर ढकललं, असं कळलं तर येतील का? हे एक कारण. ते खरं आहे. दुसरं कारण असं की मला लाज वाटत होती. ते जास्त खरं आहे.

आता आजचं सांगते.

तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी बाळव्वाला अर्धांग झालं. डावी बाजू गेली, बोलणं तोतरं झालं. हो, त्याच घरात. आज दहा दिवस ती पडून आहे. घरचे प्रेमानं करतात आणि सगळं चुकीचं करतात. मल्लाप्पा तिला डाव्या दंडाला धरून उठवतो, खांदा सांध्यातून उतरू लागलाय. पायथ्याशी अंथरूण पुरत नाही म्हणून टाच उघड्या लाकडावर. काल टाच बघितली, रंग बदललाय. दोन दिवसांत कातडं जाईल, आणि या वयात एकदा घाव पडला की तो भरत नाही, माणूसच संपतं. तिला दोन-दोन तासांनी कुशीवर करायला, उचलून बसवायला, घरच्यांना शिकवायला एक जाणतं माणूस दिवसभर तिथे पाहिजे. मला दवाखाना सोडता येत नाही. ते माणूस रखमा आहे. दुसरं कोणी नाही.

सुतक संपेपर्यंत तिला कुठे नेता येत नव्हतं. ते संपलं म्हणून आज सकाळी मी तिला घेऊन गेले. मल्लाप्पा दारात आला.

"बाई, तुमी या. ही न्हाई."

"मल्लाप्पा, तुझ्या अव्वाची टाच बघितलीस का? हिला येतं ते मला येत नाही."

"हिच्या सासूनं एक हात घालवला ह्या घरातला. आता अव्वाला हिच्या हातात देऊ व्हय? आमी शाने झालो, बाई."

रखमा वळली आणि चालायला लागली, अगदी तुझ्यासारखी, मान ताठ. मागून शिवाप्पा माग सोडून दारापर्यंत आला होता, तो माझ्याकडे बघत उभा राहिला. त्याच्या बघण्यात काय होतं ते मला कळलं नाही. मी आत गेले, पोटरीखाली घडी ठेवली, आणि बाहेर पडताना मला माहीत होतं की तासाभरात ती घडी निघालेली असेल.

म्हणून करवत हातात आहे आणि मी कापत नाही. या कुबड्या चार बोटं जास्त आहेत हे दाखवायला या कुबड्याच पाहिजेत. कापल्या की माझं तोंडी बोलणं उरलं, आणि माझ्या तोंडी बोलण्याचा मला भरवसा नाही. आयत्या वेळी मी पुन्हा सोयीचं तेवढंच खरं बोलेन. चिंध्या परत गुंडाळते आहे, होत्या तशा.

आक्का, तुझ्या जिवंतपणी हे जमलं असतं तर तुझी दोन वर्षं घरात बसून गेली नसती. मी त्याची माफी मागत नाही, तू ती ऐकायला नाहीस आणि माझी हौस फेडून काय उपयोग. तुझ्याकडून मी पाठ बघायला शिकले, अकरावी कांडी न द्यायला शिकले, फऱ्याखाली हात घालायला शिकले. जिला हे सगळं फुकट मिळालं तिनं निदान एक वाक्य वेळेवर बोलायला हवं होतं.

करवत पिशवीत टाकते. सोमवारच्या आत कापायच्या आहेतच.

*

अष्टमी. काल लिहिलं ते तसंच ठेवते. सकाळचं तेवढं खाली.

दवाखाना उघडायच्या आधी गेले. मल्लाप्पा दात घासत होता. मी त्याला आत बोलावलं, शिवाप्पालाही. बाळव्वाच्या खाटेशेजारीच उभी राहिले. शिवाप्पाच्या काखेखाली कुबडी उभी केली आणि मल्लाप्पाला म्हणाले, "बोटं घाल मध्ये." त्यानं घालायचा प्रयत्न केला. गेली नाहीत.

"चार जायला पाहिजेत," मी म्हणाले. "माप मी घेतलं होतं. कच्च्या सुतानं. त्यानं याचा हात गेला. गंगाक्कानं काही केलं नाही. उलट हात परत आणला तो तिनं, कट्ट्यावर बसून मला सांगून. मी नुसती आत-बाहेर करत होते. डॉक्टरसाहेबांपुढे मी अर्धंच बोलले, हे तुझ्या समोरच झालं."

मल्लाप्पा सुतावर जन्मलेला माणूस. त्याला पुढचं सांगायला लागलं नाही. तो कुबडीकडे बघत राहिला.

शिवाप्पा म्हणाला, "आक्कानं मला इचारलं हुतं, काखंत मुंग्या येतात काय. तुमी कदी इचारलं न्हाई, बाई."

"नाही विचारलं."

बाळव्वा खाटेवरून माझ्याकडे बघत होती, अर्ध्या तोंडानं काहीतरी म्हणत होती. मग मल्लाप्पानं चूळ भरली आणि भावाला म्हणाला, "रखमाला बोलवून आण. हात जोडून आण." आणि माझ्याकडे न बघता, "तुमी भाईर थांबा, बाई. आज तुमी आत नको."

मी बाहेर आले. रखमा आली, माझ्या जवळून गेली, थांबली नाही. मी गल्लीच्या तोंडाशी गेले आणि देवळाच्या कट्ट्यावर बसले. पिशवीतून करवत काढली, कुबडी मांडीवर आडवी घेतली, खालून चार बोटांवर कोळशानं खूण केली आणि कापायला लागले. पहिलं टोक पडलं तेवढ्यात रखमा दारात आली. तिथूनच तिनं विचारलं, "बाई, टाच लाल न्हाई, काळी पडाय लागलीया. उशी टाचंखाली ठेवू का पोटरीखाली?"

"पोटरीखाली," मी म्हणाले. "टाच अधांतरी राहू दे."

ती आत गेली. मी दुसरी कुबडी घेतली.